घरात माणूस आणि दाराला कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता कुलूप म्हणवून घेण्याच्या लायकीचाही राहिलेलो नाही. माझी वरची कडी अंगात बसत नाही. किल्ली घातली तर ती नुसती गरगर फिरते. शिवणाच्या मशीनशेजारच्या फळीवर, बटणांच्या डब्याला टेकून मी पडून असतो. आठवड्यातून एकदा फडकं फिरतं तेवढंच. कामाशिवाय दिवस खायला उठतो, म्हणून म्हटलं, आज तुमच्याशी बोलावं. मोठ्या माणसांना मोडक्या कुलपाचं ऐकायला वेळ नसतो. तुम्हाला असतो.

माझा जन्म एका पत्र्याच्या खोलीत झाला. तिथला कारागीर अबोल होता. पितळ ओतायचं, कानशीने घासायचं, पोटात पट्ट्या बसवायच्या आणि मग किल्ली फिरवून कुलूप कानाशी धरायचं, ही त्याची पद्धत. "खट्" असा एकच स्वच्छ आवाज आला तर कुलूप पास. आवाजात जरा जरी कुरकुर असली तर तो पुन्हा सगळं खोलून बसायचा. मला त्याने बरेचदा खोललं. शेवटी एकदाचा माझा आवाज त्याच्या मनासारखा आला, तेव्हा तो शेजाऱ्याला म्हणाला, "हे आता कोणाच्या बापाला जुमानणार नाही." ती माझी पहिली शाबासकी. त्या वाक्याने मी जरा चढून गेलो होतो, हे कबूल करतो.

मला विकत घेतलं एका बसड्रायव्हरने. दुकानात त्याने प्रत्येक कुलूप हातात घेऊन पाहिलं, ओढून पाहिलं, फरशीवर आपटायलाही निघाला. दुकानदार वैतागला. "साहेब, कुलूप घेताय की जावई शोधताय?" ड्रायव्हरकाका म्हणाले, "घर सोपवायचंय त्याच्यावर. जावयापेक्षा जास्तच बघावं लागतं."

त्यांचं घर रस्त्याकडेच्या रांगेतलं शेवटचं होतं. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे एक दार, जे अरुंद गल्लीत उघडायचं. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणाचं मशीन. काकू तिथे बसून लोकांच्या पँटची लांबी कमी करायच्या, चेन बदलायच्या, पडद्यांना शिलाई मारायच्या. सगळी गल्ली त्यांना शिलाईकाकू म्हणायची. त्यांची एकुलती एक लेक मशीनखाली बसून कापडाच्या चिंध्यांशी खेळायची. घरात कोणी असलं की मला दाराच्या आतल्या बाजूच्या खिळ्यावर उघडा अडकवून ठेवत. सगळे बाहेर पडले की मी बाहेर, कोयंड्यात. आत असताना घर बघायचं, बाहेर असताना रस्ता बघायचा. मला दोन्ही आवडायचं.

ड्रायव्हरकाका कुलूप लावून मला दोनदा ओढायचे, चार पावलं जायचे आणि परत येऊन आणखी एकदा ओढायचे. समोरच्या टपरीतले इस्त्रीवाले भाऊ ते रोज बघायचे आणि रोज हसायचे. "काका, जास्त ओढू नका, दार हातात येईल!" काका म्हणायचे, "तुझी नजर आणि माझं कुलूप. एकावर भागत नाही रे बाबा." माझी दुसरी किल्ली या भाऊंकडे असायची. त्यांच्या टेबलाच्या वर एक खिळा होता, त्यावर ती लटकायची आणि तिच्यावर एक जुना रुमाल टाकलेला असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून. घरातली लेक शाळेतून लवकर आली की तिकडे धावायची. "भाऊकाका, किल्ली!"

एकदा घरचे सगळे लग्नाला गेले असताना संध्याकाळी एक माणूस पहार घेऊन माझ्यापाशी आला. त्याने पहारीचं टोक माझ्या कडीत घातलं आणि जोर लावला. माझं सगळं अंग पिळवटून निघालं, पण मी सुटलो नाही. तेवढ्यात समोरून आरडाओरडा झाला आणि तो पहार टाकून पळाला. त्यानंतर कितीतरी दिवस काका येईल त्याला माझ्या अंगावरचा ओरखडा दाखवायचे. "बघा, याला म्हणतात कुलूप!" एकदा भाऊ टपरीतून म्हणाले, "आणि मी घसा फोडला त्याचं काय? मला पण दाखवा की लोकांना." सगळे खूप हसले. मी मात्र त्या कौतुकात भाऊंना विसरूनच गेलो होतो.

मग एक दिवस काका कामावरून आले ते छाती धरूनच. ते गेल्यावर मला दोनदा ओढणारं कोणी उरलं नाही. लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली, तिथेच तिचा संसार झाला. आई, आमच्याकडे ये, म्हणून ती मागे लागायची. काकू म्हणायच्या, "माझं मशीन आहे, माझी गिऱ्हाइकं आहेत. तिथे येऊन मी काय भिंतीकडे बघू?" आणि खरंच, तेव्हा काकू एकट्या असल्या तरी एकाकी नव्हत्या. दार दिवसभर उघडं असायचं. कोणी कपडे द्यायला यायचं, कोणी न्यायला यायचं, कोणी नुसतंच टेकायला. मी खिळ्यावरून सगळ्यांच्या गप्पा ऐकायचो.

त्या उघड्या दारातूनच ते दोघे आले.

दुपारची वेळ होती. निळे शर्ट, गळ्यात कार्ड, हातात पेन. "काकू, पाण्याचं मीटर तपासायचंय. या भागात गळती आहे, तक्रार आली आहे." बोलणं इतकं गोड की काकूंनी आधी त्यांना पाणी विचारलं. एक जण काकूंना न्हाणीत घेऊन गेला. "हं, नळ सोडा. आता बंद करा. आता परत सोडा." दुसरा पुढच्या खोलीत राहिला. मित्रांनो, मी त्याच्यासमोर खिळ्यावर लटकत होतो. त्याने कपाट उघडलं, पाटल्या काढल्या, काकांचं मनगटी घड्याळ काढलं, सगळं खिशात टाकलं आणि कपाट होतं तसं लावून घेतलं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण उघडं कुलूप म्हणजे नुसतं वजन. जाताना दोघांनी काकूंचे आभारही मानले.

काकूंच्या लक्षात आलं ते संध्याकाळी. पोलीस आले, विचारपूस झाली, गल्ली गोळा झाली. वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मास्तर म्हणाले, "अशा कशा घेतल्यात हो त्यांना आत? कार्ड हातात घेऊन वाचायचं. ऑफिसला फोन करून विचारायचं, तोवर बाहेर उभं करायचं." त्यांचा शब्दन्‌शब्द बरोबर होता. पण तो सगळ्या गल्लीसमोर आणि वेळ गेल्यावर बोलला गेला, आणि काकूंची मान खाली गेली ती खालीच राहिली. पाटल्यांबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. काकांच्या घड्याळाबद्दल मात्र त्या एकट्या असताना बोलायच्या, ते मी ऐकलं आहे.

फोनवर लेक चिडली, मग रडली. "आई, आता कोणालाही दार उघडू नकोस. कोणालाही म्हणजे कोणालाही!" तिने ते काळजीपोटी म्हटलं. काकूंनी ते अक्षरशः घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मशीन पुढच्या खोलीतून ओढत ओढत स्वयंपाकघरात नेलं. मग मला खिळ्यावरून काढलं, बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि मला कोयंड्यात अडकवून किल्ली फिरवली. मला वाटलं, कुठेतरी निघाल्या. तर त्या घराला वळसा घालून मागच्या गल्लीत गेल्या, मागच्या दाराने आत शिरल्या आणि आतून बोल्ट लावून घेतला. माझ्या पितळी डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. घरात माणूस होतं आणि दाराला कुलूप होतं. बघणाऱ्याला वाटावं, घरात कोणी नाही. म्हणजे कोणी दार वाजवणार नाही, आणि कोणाला आत घ्यायचा प्रश्नच येणार नाही.

त्याच आठवड्यात काकू भाऊंच्या टपरीवर गेल्या. "भाऊ, ती किल्ली द्या जरा."

"हरवली का तुमची?"

"नाही. असू दे माझ्याकडेच."

भाऊंच्या हातातली इस्त्री कपड्यावर जरा जास्त वेळ थांबली. मग त्यांनी ती बाजूला ठेवली, रुमाल उचलला, किल्ली काढून दिली. "काकू, माझं काही चुकलं का?" काकू म्हणाल्या, "तुमचं नाही हो. पण आता कोणाचा भरवसा धरायचा?" आणि त्या निघून आल्या. मी दारावरून बघत होतो. भाऊंनी तो रुमाल परत त्या रिकाम्या खिळ्यावर टाकला.

तेव्हापासून माझे खरे एकटेपणाचे दिवस सुरू झाले. पूर्वी मला रोज उघडत, रोज लावत. आता मला कोणी हातच लावत नव्हतं. काकूंचं जे काही जाणं-येणं होतं ते मागच्या दाराने, सकाळी लवकर, डोक्यावरून पदर घेऊन. माझ्या भोकात धूळ बसली, कडीवर हिरवट चट्टे आले. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि कपड्यांची पिशवी तशीच घेऊन परत जायचं. आतून, दोन दारांच्या पलीकडून, मशीनची बारीक खडखड यायची. कसलं शिवणकाम होतं कोण जाणे. एकदा ओळखीची एक बाई माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "गेल्या वाटतं लेकीकडे. सांगून तरी जायचं!" आणि त्याच क्षणी आतली खडखड थांबली. काकू श्वास रोखून उभ्या असणार. बाई गेली. बऱ्याच वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं. मला फार वाईट वाटलं. कुलपाचं काम घर राखायचं असतं, माणूस लपवायचं नाही.

भाऊसुद्धा सगळ्यांना तेच सांगायचे. कोणी विचारलं की, "लेकीकडे गेल्यात. येतील." मला वाटलं, चला, हाही फसला. वर त्यांनी एक नवीनच खोड लावून घेतली होती. दारात कोणी जाहिरातीचे कागद खोचून गेलं की भाऊ रस्ता ओलांडून यायचे, कागद काढायचे आणि घेऊन जायचे. मी मनात म्हणायचो, या माणसाला एवढी रद्दी कशाला लागते! एकदा मोटरसायकलवरचा एक तरुण माझ्यासमोर थांबला. त्याने माझ्यावरची धूळ बोटाने पुसून पाहिली आणि खिडकीकडे नजर टाकली. रिकामं घर शोधणाऱ्याला असं कुलूप म्हणजे आमंत्रणच, हे मला तेव्हा कळलं, आणि भाऊ ते साचलेले कागद का काढून नेतात, हेही. भाऊ टपरीतून ओरडले, "काय पाहिजे?" तरुणाने गाडी सुरू केली आणि गेला. आतून काकूंनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

आता तो दिवस सांगतो.

सकाळी काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ बादली गडगडली. मग काकूंचा आवाज, "आई गं!" आणि नंतर नुसतं कण्हणं. न्हाणीच्या उंबऱ्यापाशी त्यांचा पाय घसरला होता. फोन मशीनवर राहिला होता आणि त्यांना तिथवर सरकता येत नव्हतं. त्या हाका मारत होत्या, पण रस्त्यावर गाड्यांचा गलका, आणि मधे दोन बंद दारं. त्यांचा आवाज फक्त माझ्यापर्यंत येत होता.

माझ्यासमोरून माणसं जात होती. पोस्टमन आला, मला पाहिलं, पुढे गेला. वरचे मास्तर पिशवी घेऊन गेले आणि भाजी घेऊन आले. एक गिऱ्हाईक आलं, कुलूप बघून वैतागलं आणि टपरीकडे वळलं. "शिलाईवाल्या काकू कधी येणार हो?" भाऊ सवयीने म्हणाले, "लेकीकडे गेल्यात..." आणि बोलता बोलता थांबले. त्यांनी मान तिरकी केली. त्या माणसाला तिथेच सोडून ते रस्ता ओलांडून आले आणि दाराला कान लावला. आत काकू आता गप्प झाल्या होत्या. मित्रांनो, आयुष्यभर मी आतलं बाहेर कळू दिलं नव्हतं. त्या वेळी मात्र वाटलं, मला तोंड असतं तर!

भाऊ घराला वळसा घालून गेले. मागचं दार ढकलण्याचे आवाज आले, मग "काकू! ओ काकू!" अशा हाका आल्या. खिडक्यांना गज होते. ते धावत टपरीवर गेले, आपली कोळशाची लोखंडी इस्त्री उचलली, आतले निखारे रस्त्याकडेला ओतले आणि ती घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

पहिला घाव बसला तसे मास्तर वरून ओरडले, "अहो! भरदिवसा लोकांचं कुलूप फोडताय?"

"आत काकू आहेत!"

"कुलूप बाहेरून आहे. आत कशा असतील?"

"मागच्या दाराला आतून बोल्ट आहे, मास्तर. आत कोणी नाही तर तो लावला कोणी?"

माणसं जमू लागली. कोणीतरी म्हणालं, "पोलिसांना बोलवा रे." भाऊ मागे न बघता म्हणाले, "बोलवा. आणि अँब्युलन्सलाही बोलवा."

घावावर घाव बसत होते आणि मी सुटत नव्हतो. त्या अबोल कारागिराने मला असं बनवलं होतं की मी कोणालाच जुमानू नये, आणि चोर कोण, आपला कोण, हे ओळखायला काही त्याने मला शिकवलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून तुटावंसं वाटत होतं. भाऊंच्या हाताला इस्त्रीच्या गरम कडेचे चटके बसत होते. मास्तर खाली उतरून आले, क्षणभर उभे राहिले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी मला दाराशी दाबून धरलं. "मारा आता. नीट बघून मारा हं, माझी बोटं आहेत." त्यानंतरच्या घावाला माझी कडी अंगातून निसटली. मी फरशीवर पडलो, आणि इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

आतून एक क्षीण आवाज आला. "कोण?"

"मी आहे काकू. समोरचा."

काकूंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर लेकीला म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. लेक आली, आईजवळ राहिली, आणि काकू काठी धरून चालायला लागल्यावर त्यांना घरी घेऊन आली. तिने मशीन पुन्हा पुढच्या खोलीत खिडकीशी आणलं आणि दार नव्याने करून घेतलं. बाहेर बघायला भिंग बसवलं, आतून साखळी लावली, आणि दारातच बसणारं नवीन कुलूप आणलं, ज्याच्याकडे बाहेरून बघून घरात माणूस आहे की नाही हे कोणालाच कळत नाही. हुशार आहे ते. माझ्याशी बोलत मात्र नाही.

लेक परत गेली त्या दिवशी भाऊ इस्त्रीचे पडदे घेऊन आले. काकू मशीनपाशी बसल्या होत्या. मी इथेच फळीवर होतो.

"भाऊ, एक विचारू? मी आत आहे हे तुम्हाला कळलं कसं?"

"मशीनचा आवाज लपतो होय, काकू? सकाळी गाड्या नसतात तेव्हा टपरीपर्यंत येतो. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमचं मशीन सुरू झालं की मी पहिला कपडा घ्यायचो. त्या दिवशी झालंच नाही."

"आणि लोकांना सांगायचात, लेकीकडे गेले म्हणून?"

"तुम्हाला तेच हवं होतं ना."

काकूंनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "मग एकदा तरी हाक मारायची होतीत."

"किल्ली मागून नेलीत तुम्ही," भाऊ खाली बघत म्हणाले. "हाक कुठल्या तोंडाने मारणार?"

मला तेव्हा दोघांचंही फार वाईट वाटलं. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना बसून त्या दोघांनी ते सगळे महिने एकेकट्याने काढले होते. काकूंनी पदराची गाठ सोडली आणि नव्या कुलपाची एक किल्ली मशीनवर ठेवली. भाऊंनी आधी हात शर्टाला पुसले, मग ती उचलली.

ही माझी हकिगत. आता दिवस शांत जातात. कधी कधी संध्याकाळ होईपर्यंत दारात कोणी येत नाही. काकूंची गिऱ्हाइकं तुटली ती सगळी काही परतली नाहीत. मशीन थांबतं, काकू खिडकीबाहेर बघत राहतात, आणि मी त्यांच्याकडे बघत राहतो. माझं असणं त्यांना आठवतं की नाही, माहीत नाही.

तरी एक मागणं आहे, मित्रांनो. दाराला चांगलं कुलूप लावा आणि त्याला अधूनमधून तेल द्या. अनोळखी माणूस कितीही गोड बोलला तरी आधी खात्री करा, मगच साखळी काढा. घर बंद ठेवून जाणार असाल तर विश्वासातल्या एका शेजाऱ्याला सांगून जा. आणि कोणी फसलं तर त्याला चारचौघांत, असं कसं केलंत, म्हणून विचारू नका. नाहीतर तो माणूस पुढच्या वेळी चोरांबरोबर तुम्हालाही दाराबाहेर ठेवेल.

भाऊ आता रोज येतात. किल्ली जवळ असली तरी ती वापरत नाहीत, दार वाजवतात. आतून काकू विचारतात, "कोण?" काठी टेकत दारापर्यंत यायला त्यांना पुष्कळ वेळ लागतो. तुमच्याही शेजारी असं एखादं दार असेल. आज घरी जाताना ते वाजवा. आतून "कोण?" आलं तर राग मानू नका. आपलं नाव सांगा, आणि दार उघडेपर्यंत थांबा.